बुधवारची सही

चहाच्या मगाच्या कानाजवळ नखाएवढ्या जागेत बारीक तड्यांचं जाळं पडलं होतं. तडे फक्त झिलईत होते, खालची माती शाबूत होती. मागच्या आठवड्यात ते दिसत नव्हते. आता चहा मुरून त्यांच्या तपकिरी रेषा झाल्या होत्या. झिलई मातीपेक्षा थोडी जास्त आकसली की ती कायम ताणलेली राहते. भांडं भट्टीतून निघतं तेव्हा त्यात काहीच खोट दिसत नाही. मग माती हळूहळू हवेतली ओल पिऊन किंचित फुगते आणि कधीतरी, महिन्यांनी किंवा वर्षानं, टण असा बारीक आवाज होतो. हा आवाज ओळखण्यात नेव्हिल मॅचिनचं सगळं आयुष्य गेलं होतं. या मगाचा मात्र त्याला ऐकू आला नव्हता.

"काय बघतोयस त्या मगात? चहा गार झाला," पॉलीन म्हणाली.

शुक्रवारची संध्याकाळ होती. समोरच्या खुर्चीवर पाय पसरून, दोन्ही गुडघ्यांवर गोठवलेल्या वाटाण्याच्या पिशव्या ठेवून ती बसली होती. शाळेच्या जेवणघरात दिवसभर फरशीवर उभं राहायचं, मोठाली पातेली उचलायची, बाकं पुसायची. शुक्रवारी तिचे गुडघे पावासारखे फुगायचे.

"सोमवारी शाळेत मिसेस हॉलिन्सना सांगून टाकते, नोकरी सोडतेय म्हणून," ती म्हणाली. "मेच्या सुट्टीआधी सांगितलं की जुलैत मी मोकळी."

"एवढी घाई कसली?"

"घाई? या गुडघ्यांना विचार. डॉक्टरनं सांगून वर्ष झालं. कारखान्यानं जाताना दिलेल्या पैशांना आपण हात लावलेला नाही, तुला पुन्हा नोकरी लागली. आता थांबायचं कशासाठी? राणीचं आमंत्रण यायचंय का?"

नेव्हिलनं मग फिरवून तड्यांची बाजू भिंतीकडे केली.

"आणि तुझा तो कर," पॉलीनचं संपलं नव्हतं. "लोक लुटतायत तुला. मागे कारखान्यात याहून जास्त पगार होता, तरी एवढा कापला जात नव्हता. उद्या ओटकेकच्या दुकानात तुमचे पगार बघणारी टेसा भेटेल. मीच विचारते तिला."

"तू नको विचारू. मी बघतो."

"चार महिने बघतोयस! तुला बोलायची लाज वाटते, मला माहीत आहे. मॅचिनांना सगळ्याचीच लाज. मला नाही. मी विचारणार."

ती लंगडत वाटाणे परत फ्रीजमध्ये ठेवायला गेली. पॉलीन म्हणत होती त्यातलं एकच चुकीचं होतं. कारखान्याच्या पैशांना हात लागला होता. निम्म्याहून जास्त गेले होते, आणि ते नेव्हिलनंच, दर पंधरवड्याला, घरखर्चाला म्हणून तिलाच दिले होते.

मॅचिन कधी बेकार भत्त्याच्या रांगेत उभे राहिले नाहीत, असं नेव्हिलचा बाप सांगायचा. सत्तरच्या दशकात भट्ट्या थंड पडल्या तेव्हा त्यानं कोळशाच्या गाड्या उतरवल्या, लोकांची दारं रंगवली, पण भत्त्यासाठी दर पंधरवड्याला जाऊन करावी लागते ती सही केली नाही. नेव्हिलनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्याला आपलंच कर्तृत्व वाटायला लागलं. पॉलीनचा भाऊ केन खाणीत होता. खाण बंद पडली तेव्हा तीन पोरं पदरात. दोन वर्षं तो सही करायला जायचा. नाताळच्या जेवणाला टर्की कापता कापता नेव्हिल दरवर्षी म्हणायचा, "आमच्या केनची सही राणीपेक्षा झोकदार आहे. सराव बघा ना किती!" सगळे हसत. केनही हसायचा आणि रश्श्याचं भांडं पुढे सरकवायचा. पुढे केनला बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली, पोरं मोठी झाली, तरी तो विनोद काही सुटला नाही. टर्की आली की तोही यायचा.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत बर्सलेममधला भांड्यांचा कारखाना बंद झाला. नेव्हिल तिथे झिलई खात्याचा मुख्य होता. सहीच्या पहिल्या बुधवारी पॉलीननं त्याचा शर्ट इस्त्री करून दिला. तो टाय लावून हॅन्लीच्या बसमध्ये बसला आणि नोकरी केंद्राच्या दारापर्यंत गेला. दार काचेचं होतं. आत टेबलासमोर रे बसला होता, त्याच्याच भट्टीवर भांडी रचणारा. उशिरा येतो म्हणून नेव्हिलनं त्याला सगळ्यांसमोर दोनदा झापलं होतं. रेनं मान वळवली, नेव्हिलला पाहिलं आणि हात वर केला. त्याच्या चेहऱ्यावर खुन्नस नव्हती, टवाळी नव्हती. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे त्यानं बोट दाखवलं. या, बसा.

तो चांगुलपणा नेव्हिलला सोसला नाही. त्यानं हातातली टोपी डोक्यावर घातली आणि तो चालायला लागला.

रस्त्याच्या वरच्या टोकाला संग्रहालय होतं. तिथे आत जायला पैसे लागत नाहीत आणि उबदार असतं. भांड्यांच्या दालनात एका कोपऱ्यातल्या कपाटात झिलईचे नमुने मांडले होते, छोट्या छोट्या पट्ट्या, प्रत्येकीच्या मागे आकडे. निळ्यांची रांग त्याची स्वतःची होती. कारखाना बंद होताना कुणीतरी त्या देऊन टाकल्या असाव्यात. खाली चिठ्ठी होती, 'स्थानिक उद्योग, विसाव्या शतकाची अखेर'. तो समोरच्या बाकावर बसला आणि सही करून यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ बसून राहिला.

"झाली सही?" घरी आल्यावर पॉलीननं विचारलं.

"झाली."

एवढाच एक शब्द. तो उच्चारायला काहीच कष्ट पडले नाहीत, याचंच पुढे त्याला नवल वाटायचं.

घरखर्चाचे पैसे नवऱ्यानं घड्याळाखाली ठेवायचे ही त्यांच्या घरची रीत होती. त्याचा बाप ठेवायचा, तोही ठेवत आला होता. भत्ता आपल्या खात्यात येतो म्हणून तो सांगायचा आणि कारखान्यानं दिलेल्या पैशांतून काढून ठेवायचा. पॉलीन मोजायची नाही. ती फक्त विचारायची, "कोण होतं आज टेबलावर?" एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "तीच ती सर्दीवाली." त्या दिवसापासून नोकरी केंद्रात एक सर्दीवाली बाई कामाला लागली. तिला कायम सर्दी असायची, ती फार प्रश्न विचारायची, पण मनानं वाईट नव्हती. पॉलीनला तिची दया यायला लागली. दर दुसऱ्या बुधवारी ती त्याच्या खिशात घशाच्या गोळ्या टाकायची. "तिला दे. दिवसभर लोकांचं ऐकून घेते बिचारी." नेव्हिल त्या गोळ्या संग्रहालयातल्या बाकावर बसून खायचा. टाकून द्यायला त्याचा हात धजावला नाही. नाताळात पॉलीननं तिच्यासाठी सुक्या फळांच्या गोड मिन्स पायचा डबा दिला. तोही त्यानं तिथेच खाल्ला, सहाच्या सहा, आणि मग संग्रहालयाच्या संडासात जाऊन ओकला.

सहा महिन्यांनी भत्ता संपतो हे पॉलीनला केननं सांगितलं होतं. "पैसे बंद झाले तरी सही सोडू नकोस हं," ती म्हणाली. "केन म्हणतो, सही केली की विम्याचा शिक्का बसतो, नाहीतर सरकारी पेन्शनसाठी ते वर्ष कोरं जातं. आणि कारखान्याची वेगळी पेन्शन होती ना तुम्हाला, तर सरकार तुमची मागची वर्षं पुरी धरत नाही. पुढचं एकेक वर्ष लागणार."

"करतोय ना," नेव्हिल म्हणाला. तो जायचा, बसायचा, यायचा. वर्ष कोरं जात राहिलं.

जानेवारीत मोटारमार्गाजवळच्या फरशांच्या गोदामात त्याला माल तपासायची नोकरी लागली. पगाराचं काम बघायला टेसा होती. ही टेसा शाळा सोडून झिलई खात्यात शिकायला आली तेव्हा नेव्हिलनंच तिला तापमानाची नोंद करायला शिकवलं होतं. स्वतः न पाहिलेला आकडा लिहायचा नाही, हे तो तिला दिवसातून तीनदा सांगायचा.

"बसा, बसा!" तिला खरंच आनंद झाला होता. "तुमच्या हाताखाली मी थरथर कापायची, आणि आता तुम्ही माझ्या कागदांत. जुन्या नोकरीचा दाखला आहे का?"

"तो मागच्या करवर्षातला झाला, एप्रिलच्या आधीचा."

"मग चालणार नाही. मधे भत्ता घेतला असेल तर केंद्रवाले देतात दाखला. तो?"

"नाही," नेव्हिल म्हणाला.

"मग एवढं भरा." तिनं कागद पुढे केला. त्यावर तीन चौकोन होते. पहिला म्हणत होता, एप्रिलपासून ही पहिलीच नोकरी, भत्तासुद्धा घेतलेला नाही. दुसरा म्हणत होता, आता ही एकच नोकरी, पण आधी दुसरी होती किंवा भत्ता होता. तिसरा म्हणत होता, हिच्या जोडीला आणखी एक नोकरी आहे.

खरा होता पहिला. नेव्हिलचं पेन त्याच्यावर थांबलं. टेसा टेबलाच्या कडेवर बसून हसत होती. "तुम्ही आणि रिकामे? मी आईला म्हटलंच होतं, नेव्हिल काही घरी बसायचे नाहीत. कुठे ना कुठे करतच असतील काहीतरी."

"हो," तो म्हणाला. "करतो थोडंफार. एके ठिकाणी."

आणि बोललेल्या शब्दाला साजेशी खूण त्यानं तिसऱ्या चौकोनात केली.

असं होतं ते. सरकारनं त्याला दोन नोकऱ्यांचा माणूस धरलं. पगाराच्या पहिल्या भागावर मिळणारी त्याची करमाफी नसलेल्या नोकरीत जिरते असं मानून असलेल्या नोकरीत पहिल्या पाउंडापासून कर कापला जाऊ लागला. यामागचं कारण त्याला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. टेसाच्या दारापर्यंत तो दोनदा गेलाही. पण खूण बदलायची म्हणजे पहिल्या चौकोनात करायची, आणि तेवढे महिने तो कुठे होता हे टेसाला कळलं की तिच्या आईला कळणार, आईकडून बिंगोच्या टेबलावर पॉलीनला. दोन्ही वेळा तो चहाच्या यंत्राकडे वळला.

शनिवारी सकाळी ओटकेकच्या दुकानाबाहेर नेहमीसारखी रांग होती. ऊन होतं. आत तव्यावर ओटचं पीठ धिरड्यासारखं पसरल्याचा चर्र आवाज, बाहेर बेकनचा वास. नेव्हिलनं "मी एकटा जातो, तुझे गुडघे" म्हणून पाहिलं होतं. पॉलीन कोट चढवून त्याच्याआधी दारात.

केन त्यांच्या पुढेच उभा होता, हातात रिकामी ताटली. दुकानवाले कागदात बांधून देतात ते त्याला पसंत नव्हतं. त्याच्या पुढे टेसा.

"आलं बघा राजघराणं," केन म्हणाला. "कसे आहेत गुडघे?"

"जुलैपर्यंतचेच आहेत ते," पॉलीन म्हणाली. "सोमवारी सांगतेय शाळेत."

"शाब्बास! पोरं उपाशी मरतील."

"मरू देत. चिप्सच खातात मेली. टेसा, बरी भेटलीस. मला एक सांग, तू माझ्या नवऱ्याचा एवढा कर का कापतेस? तुला शिकवलं त्यानं, त्याचा सूड घेतेस की काय?"

टेसा हसली. "अहो, मी कुठे कापते? सरकार सांगतं तेवढं कापते. त्यांच्या दुसऱ्या नोकरीमुळे आहे ते."

"कुणाच्या?"

"नेव्हिलच्या. करमाफी तिकडे धरतात ना, म्हणून इकडे सगळ्यावर कर."

रांग एक पाऊल पुढे सरकली. पॉलीन सरकली नाही. मागच्या बाईनं घसा साफ केला.

"दुसरी नोकरी," पॉलीन म्हणाली. ती नेव्हिलकडे वळली. अजून चेहऱ्यावर हसू होतं, पण ते तिथेच अडकलं होतं. "कसली रे दुसरी नोकरी? कुठे जातोस तू?"

नेव्हिलनं रांगेकडे पाहिलं. कानांच्या पाळ्या तापल्या. मागची बाई, आतला तव्यावरचा माणूस, कुत्र्याला घेऊन उभा असलेला म्हातारा, सगळे आपल्याकडे बघत आहेत असं त्याला वाटलं, आणि त्यातले निम्मे खरंच बघत होते.

"माझ्याकडे," केन म्हणाला.

सगळे केनकडे बघायला लागले.

"अगं, आमच्या बस डेपोत. थंडीत शनिवारी गाड्या धुवायला माणूस हवा होता. मीच म्हटलं, ये. चार सहा वेळा आला असेल. तुला सांगू नको म्हणाला, तुझ्या वाढदिवसाला काहीतरी घ्यायचं होतं. पुढे ते काम बंद झालं, कागद तसाच राहिला असेल. काय रे, बदलायचा राहिला ना?"

तो हे अगदी सहज बोलला, ताटली एका हातातून दुसऱ्या हातात घेत. मग त्यानं नेव्हिलकडे पाहिलं. ती नजर नेव्हिलला कळली. केन हॅन्लीच्या मार्गावर बस चालवायचा. केनची गाडी दिसली की नेव्हिल मुद्दाम पुढची धरायचा. पण बसच्या समोरच्या काचेतून सगळा रस्ता दिसतो, संग्रहालयाच्या पायऱ्यांसकट. केनला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. आणि नाताळच्या जेवणाला, टर्की कापताना, नेव्हिलनं याही खेपेला तोच विनोद केला होता. केन हसला होता. रश्श्याचं भांडं पुढे सरकवलं होतं.

"वाढदिवसाला!" पॉलीननं नेव्हिलच्या दंडावर चापट मारली. तिचा जीव भांड्यात पडला होता, डोळे ओले झाले होते. "मेल्या, एवढं सांगायचं नाही? मला वाटलं कुणी बाई बिई ठेवलीस."

"त्याला कोण ठेवून घेणार?" केन म्हणाला. रांगेतले हसले.

"मग सोपं आहे," टेसा म्हणाली. "ती नोकरी कधी संपली तेवढं सांगा, डेपोचा दाखला आणा, मी कळवते. कापलेलं बरंचसं परतही येईल. सहा चीजचे, दोन बेकनचे," हे तिनं खिडकीत सांगितलं.

सुटका झाली होती. नेव्हिलला ती समोर दिसत होती, उघड्या दारासारखी. डेपोचा दाखला मिळणार नाही, मग काहीतरी सबब सांगता येईल, केन आणखी एक थाप मारेल. पॉलीन खुशीत घरी येईल. आणि सोमवारी शाळेत जाऊन सांगेल. जुलैत ती घरी बसेल आणि हिवाळ्यात कधीतरी छपराला गळती लागेल किंवा भट्टीसारखा बॉयलर बंद पडेल, ती म्हणेल, काढ ना कारखान्याच्या पैशांतले. तोपर्यंत शाळेनं तिच्या जागी दुसरी बाई घेतलेली असेल. हे सगळं त्यानं चार महिने रोज, कामावर फरशा तपासताना, मनात करून पाहिलं होतं. एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला तिचे गुडघे. तरी रोज संध्याकाळी तो गप्प राहिला होता.

"तुझे काय, नेहमीचेच?" पॉलीन म्हणाली. ती त्याच्या हाताला धरून उभी होती, भार देऊन, कारण उजवा गुडघा दुखत होता. "सर्दीवालीला सांगायला हवं होतं मी, आमचा माणूस किती छुपा आहे ते. तिला तरी माहीत होतं का रे?"

केननं मान खाली घातली आणि ताटलीकडे बघत राहिला. या एका गोष्टीची त्याला कल्पना नव्हती, सर्दीवालीची.

नेव्हिलनं टोपी काढली. का काढली ते त्याला सांगता आलं नसतं.

"टेसा," तो म्हणाला. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला, आतल्या माणसानं उलथणं थांबवून वर पाहिलं. "डेपोचा दाखला नाही यायचा. दुसरी नोकरी नव्हतीच. सोमवारी मी तुझ्या खोलीत येतो आणि पहिल्या चौकोनात खूण करतो. केन खोटं बोलला, मला वाचवायला."

"नेव्हिल, जाऊ दे रे," केन हळूच म्हणाला.

"नाही." त्यानं पॉलीनचा हात आपल्या दंडावर तसाच घट्ट धरून ठेवला, ती पडेल म्हणून की काढून घेईल म्हणून, कोण जाणे. "पॉलीन, सोमवारी शाळेत काही सांगू नकोस. सर्दीवाली बाई कुणी नाही. घड्याळाखालचे पैसे आपलेच होते. मी एकदाही सही केली नाही."